पोलीस तक्रार प्राधिकरण

पोलिसांच्या गैरवर्तनाविषयीच्या तक्रारींची पोलीस खात्याबाहेर राहून चौकशी करणारी वैधानिक संस्था. अटक, झडती व बळाचा वापर हे अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेले असतात. त्यांचा दुरुपयोग झाल्याच्या तक्रारीची चौकशीही त्याच खात्याकडे राहिल्यास तक्रारदाराचा तीवर विश्वास बसत नाही. ही उणीव दूर करणे, हा या संस्थेचा हेतू होय.

ब्रिटिश अमदानीत पोलीस दल सरकारला जबाबदार होते, जनतेला नव्हे. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांचे १८७९ मधील बंड मोडून काढणारे पोलीस दल याच स्वरूपाचे होते. स्वातंत्र्यानंतर लोकनियुक्त सरकारे आली. तथापि दलावरील देखरेख वरिष्ठ अधिकारी व शासन यांच्याकडेच राहिली. राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) व्यापक सुधारणा सुचविल्या. त्यांच्या अंमलबजावणीसाठी निवृत्त पोलीस अधिकारी प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तीवरील २२ सप्टेंबर २००६ च्या निकालात न्यायालयाने राज्य व जिल्हा पातळीवर तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून राज्य व विभाग अशा दोन पातळ्या ठरविल्या. राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. सदस्यांत नागरी समाजातील मान्यवर व्यक्तीचाही समावेश असतो. वरिष्ठ पोलीस निरीक्षकापर्यंतच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, भ्रष्टाचार, खंडणी व जमीन बळकावणे हे चौकशीचे प्रमुख विषय होत. पीडित व्यक्ती, तिचे कुटुंबीय किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही तक्रार करू शकते. प्राधिकरण स्वतःहूनही चौकशी हाती घेऊ शकते. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागविणे इत्यादींबाबत त्यास दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

ग्रामीण भागात गावातील पोलीस पाटील (महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७) हा गुन्ह्यांची खबर देणारा दुवा आहे. पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करण्याचा अधिकार त्यास नाही. त्यामुळे शिरढोणसारख्या गावातील तक्रारदारास कोकण विभागाच्या पातळीवर दाद मागावी लागते. हा विभाग मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचा आहे. न्यायालयाला अभिप्रेत असलेली जिल्हा पातळीवरील जवळीक या रचनेत उरलेली नाही.

प्राधिकरणाच्या शिफारशी संबंधित यंत्रणेवर बंधनकारक असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले होते. राज्याच्या कायद्यात मात्र अपवादात्मक प्रसंगी लेखी कारणे देऊन अहवाल फेटाळण्याची मुभा शासनास आहे. अहवाल स्वीकारला गेल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते; गुन्हा दिसून आल्यास तो पोलीस ठाण्यात नोंदविला जातो. म्हणजे अखेरचा निर्णय शासनाचा व पुढील तपास पोलिसांचाच असतो. चौकशी खात्याबाहेर गेली, तरी तिच्या निष्कर्षाचे फळ शासनाच्या इच्छेवर अवलंबून राहते, ही या व्यवस्थेची मुख्य मर्यादा होय.