सहकुटुंब, पायी (भाग ७) : चढ शेवटी येतो

बेट कोणतं, हे गेल्या भागात ठरलं: साओ मिगेल. लिस्बनच्या पश्चिमेला सुमारे चौदाशे किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये अझोरेस नावाची पोर्तुगालची नऊ बेटं आहेत, त्यातलं हे सर्वांत मोठं. मोठं म्हणजे किती, तर लांबी सुमारे ६५ किलोमीटर आणि रुंदी बहुतेक ठिकाणी पंधराच्या आत. नकाशा पाहून घरातला उत्साही माणूस लगेच वही काढतो आणि ‘दिवस पहिला, दिवस दुसरा’ असा तक्ता आखायला बसतो. त्याला आधी थांबवा. या बेटावर कुठल्या दिवशी कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, ढग ठरवतात.

समुद्रावरून येणारी दमट हवा इथे थेट डोंगरावर आदळते, वर चढते, थंड होते आणि माथ्यावर ढग होऊन बसते. किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असतानाही पाच-सातशे मीटरवरच्या ठिकाणी हातभर अंतरावरचं दिसत नाही. वारा उत्तरेचा असेल तर दक्षिण किनारा कोरडा, दक्षिणेचा असेल तर उलट. महाबळेश्वर भिजत असताना वाई कोरडी का राहते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे पावसाळ्यात वाऱ्याची दिशा चार महिने साधारण तीच असते. इथे ती दुपारपर्यंतही टिकेलच असं नाही.

म्हणून यादी करताना प्रत्येक उंचावरच्या जागेला खालची एक जागा जोडून ठेवायची. ‘उद्या लागोआ दो फोगो’ असं म्हणायचं नाही. ‘माथा मोकळा असला तर लागोआ दो फोगो, नाहीतर चहाचा मळा’ असं म्हणायचं. माथा मोकळा आहे का, हे कसं कळणार? स्थानिक लोक सकाळी स्पॉट अझोरेसवर बघतात. बेटावरच्या मुख्य ठिकाणी कॅमेरे लावले आहेत आणि तिथलं या क्षणीचं चित्र फोनवर दिसतं. न्याहारीच्या टेबलावर हे काम घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे सोपवावं. रोजचा निर्णय त्याने जाहीर करायचा. मग पाऊस लागला तरी कुरकुर निम्मी होते, कारण निर्णय त्याचाच असतो.

आता पायांचं बोलू. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट पहिल्या दिवशी चकवते. आपल्या गडावर चढ आधी असतो. सकाळी ताज्या दमाने चढायचं, वर डबा खायचा, उतरताना गुडघे दुखले तरी घर जवळ येत असतं. साओ मिगेलमध्ये गाडी थेट वर जाते, नजाऱ्याची जागा वाहनतळाला लागूनच असते आणि पायवाट तिथून खाली तळ्याकडे उतरते. चढ शेवटी येतो. मुलं दमलेली, आजोबांचं पाणी संपलेलं, आणि समोर भिंतीसारखा उभा डोंगर.

याचं कारण दोन्हीकडच्या ज्वालामुखींच्या स्वभावात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा भेगांतून वाहिला, थरावर थर पसरला, आणि पुढे पाण्यावाऱ्याने कोरून काढले ते सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर. साओ मिगेल मानाने अगदी कोवळं. तिथले सेते सिदादेस, फोगो आणि फुर्नास हे तिन्ही मोठे ज्वालामुखी शास्त्रज्ञांच्या हिशेबी अजून जागे आहेत; फोगोचा माथ्यावरचा शेवटचा मोठा उद्रेक १५६३चा, फुर्नासचा १६३०चा. अशा ज्वालामुखीच्या पोटातला शिलारस स्फोटात बाहेर पडला की पोट रिकामं होतं आणि वरचं छत आत कोसळतं. उरतो एक अवाढव्य वाडगा. काठ वर, तळं खाली. रस्ता काठाकाठाने जातो, म्हणून मजा आधी आणि वसुली नंतर.

सेते सिदादेसचा वाडगा सुमारे पाच किलोमीटर रुंद आहे. तळात एक निळं आणि एक हिरवं अशी दोन जोडतळी, मधून पूल, काठाला गाव. सगळेच ‘विस्ता दो रेइ’ला थांबतात. १९०१ मध्ये पोर्तुगालचा राजा कार्लुश इथे येऊन गेला, त्यावरून ते नाव. तिथून काठावरच्या मातीच्या रस्त्याने गावात उतरणारी वाट आठेक किलोमीटरची आहे. एका बाजूला तळी, दुसऱ्या बाजूला समुद्र. ती एकाच दिशेने करावी. गाडी चालवणाऱ्याने बाकीच्यांना वर सोडायचं आणि गाडी घेऊन गावात जाऊन थांबायचं, म्हणजे परतीचा चढच उरत नाही. ज्यांना चालायचं नाही त्यांनी थेट गावात जावं; तळ्यावर कायाक भाड्याने मिळतात आणि काठाची सपाट वाट आजीलाही जमते. संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर भेटतात आणि कोणी कोणासाठी थांबलेलं नसतं. तीन पिढ्या घेऊन निघालात तर रोजची आखणी अशीच करावी.

लागोआ दो फोगोला ही सोय नाही. तिथे जेवढं उतराल तेवढं चढावंच लागतं. सात-आठ वर्षांचं मूल खाली पळत जाईल. वर येताना त्याला उचलायची तयारी असेल तरच उतरा. नसेल तर वरूनच बघा, त्यात कमीपणा नाही. अलीकडच्या उन्हाळ्यांत या रस्त्यावर खासगी गाड्यांना निर्बंध असतात आणि ठरलेल्या बसने जावं लागतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.

गडाची सवय असलेल्या पायांना ओळखीची वाटेल अशीही एक वाट आहे. पूर्वेकडच्या फायाल दा तेर्रा या किनाऱ्यावरच्या गावातून साल्तो दो प्रेगो धबधब्याकडे जाते ती. चढ आधी, झाडीतून, बाजूला ओढा. वर धबधबा आणि पाय सोडायला डोह. येताना सांगिन्यू नावाची ओस पडलेली जुनी वाडी लागते. रमतगमत दोन-अडीच तास. एकच वाट करायची असेल तर मी ही निवडेन. बेटावरच्या आखून दिलेल्या सगळ्या वाटांवर पिवळ्या-लाल पट्ट्या रंगवलेल्या असतात आणि चुकीच्या दिशेला फुली, त्यामुळे वाटाड्या लागत नाही. पट्ट्या शोधायला मुलांना पुढे घालावं.

फुर्नासला मात्र पायांना सुट्टी. इथे दोन रात्री काढाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीचे दिवस दक्षिण किनाऱ्यावर, पोंता देल्गादाच्या आसपास मुक्काम ठेवावा. फुर्नास हे गावच वाडग्याच्या तळात वसलंय. रस्त्याकडेला जमिनीतून वाफा निघतात, गंधकाचा वास पहिला तासभर जाणवतो आणि मग नाकाला सवय होते. तळ्याकाठी गरम जमिनीत खड्डे केलेत. सकाळी तिथे मोठी पातेली पुरतात, सुमारे सहा तासांनी दोराने वर काढतात. हे ‘कोझिदो’. विस्तव नाही, सरपण नाही. आत गाय, डुक्कर, कोंबडी, सॉसेज, कोबी, गाजर आणि ‘इन्यामी’. हा इन्यामी म्हणजे आपला अळूचा कंद. फुर्नासमध्ये तो कोमट पाण्याच्या ओढ्याकाठी लावतात. शाकाहारी मंडळींनी मांसाच्या पातेल्यातला कंद वेगळा काढून मागू नये. नुसत्या भाज्यांचं पातेलं मिळेल का हे उपाहारगृहात आदल्या दिवशीच विचारावं, कारण पातेली पहाटे लागतात. तेही नाही जमलं तर उकळत्या कुंडात शिजवलेली मक्याची कणसं विकायला असतात आणि ‘बोलो लेवेदो’ ही तव्यावरची जाड, किंचित गोड पोळी गावभर मिळते. दोन्हीवर दिवस निघतो.

इथली स्नानं दोन तऱ्हेची. तेर्रा नोश्त्रा बागेतलं मोठं कुंड लोहयुक्त पाण्याचं आहे, रंग थेट मातकट. या बागेची सुरुवात अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस हिकलिंग या अमेरिकन व्यापाऱ्याने केली. पाण्यात शिरताना पोहण्याचा जुना, गडद रंगाचा पोशाख घाला. पांढरा असेल तर कायमचा गेरूच्या रंगाचा होतो. दुसरी, दोना बेइजाची कुंडं छोटी आणि रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, तिथे झोपायच्या आधी जावं. वाफेच्या कुंडांभोवतीची कठडी मात्र कोणी ओलांडू नये. भाजण्याची भीती दिसते तरी. न दिसणारी भीती कार्बन डायऑक्साइडची आहे. तो हवेपेक्षा जड असल्याने खळग्यांत साठतो, आणि लहान मुलं नेमकी खळग्यात वाकून बघणारी.

समुद्रातही गरम पाणी आहे. पश्चिम टोकाला फेरारिया इथे खडकाच्या खाचेत गरम झरा समुद्राला मिळतो. भरतीला तिथलं पाणी गार पडतं, ओहोटीला अंगाला सोसवत नाही इतकं तापतं, म्हणजे मधली वेळ साधावी लागते. कोकणातल्या माणसाला तक्ता पाहायची सवय असतेच. धरायला दोर बांधलेले आहेत. लाट मोठी असेल तर मुलांना उतरवू नये. याच टोकासमोर जून १८११ मध्ये समुद्रातून एक नवं बेट वर आलं. सब्रिना या ब्रिटिश युद्धनौकेच्या कप्तानाने त्यावर उतरून झेंडा रोवला आणि जहाजाचंच नाव दिलं. काही महिन्यांत लाटांनी बेट धुऊन नेलं, झेंड्यासकट. मुलांना ही गोष्ट तिथेच, खडकावर बसून सांगावी.

आता मोसम. पर्यटकांचा हंगाम जून ते सप्टेंबर; हवा त्यातल्या त्यात कोरडी, पाणी बावीस अंशांच्या आसपास, रस्तोरस्ती निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं. पण आपल्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये आणि दिवाळीत. गैरसोय वाटते, पण यात एक फायदा लपलाय. स्पर्म व्हेल इथे वर्षभर दिसतात. मात्र ब्लू व्हेल, फिन आणि सेइ हे प्रचंड देवमासे उत्तरेकडे जाताना या पाण्यातून जातात ते वसंतात, म्हणजे नेमके आपल्या उन्हाळी सुट्टीत. पोहण्यासाठी पाणी तेव्हा फार गार असतं, ऊन-पावसाचा खेळ जास्त. मी तरी पोहणं सोडून देवमासे घेईन. होडीची फेरी साधारण तीन तासांची. रबरी होडी वेगवान पण आदळणारी. कंबर-मणक्याचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी मोठी होडीच घ्यावी. देवमासे शोधतात ते कड्यावरच्या टेहळणी-खोपटात दुर्बीण घेऊन बसलेले ‘विजिया’. पूर्वी हेच खोपटातून शिकाऱ्यांच्या होड्यांना खूण करायचे. १९८०च्या दशकात शिकार थांबली आणि नजरेचं तेच कसब पर्यटनाला लागलं.

दिवाळीची सुट्टी निवडलीत तर पाऊस अधिक, पण समुद्र अजून उबदार. शिवाय त्याच दिवसांत कागार्रू या समुद्रपक्ष्याची पिल्लं घरट्यांतून पहिल्यांदा उडतात. रात्री दिव्यांनी दिपून ती रस्त्यावर पडतात. १९९५पासून बेटांवर मोहीमच चालते: पिल्लू दिसलं की हलक्या हाताने पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, खायला-प्यायला काही घालायचं नाही, सकाळी समुद्राकाठी सोडायचं. शाळकरी मुलं यात पुढे असतात, पाहुण्यांच्या मुलांनाही कोणी नाही म्हणत नाही.

बाकीचं भराभर. व्हिसा शेंगेनचाच. गाडी भाड्याने घ्यावीच लागेल, बसेस तुरळक आहेत; ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आधी ठरवा. १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या बारा वर्षांखालील मुलाला बालआसन सक्तीचं. वाहतूक उजवीकडून, आणि गायींना अग्रक्रम. तूप, पनीर असे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, म्हणून खाऊच्या पिशवीतून ते काढा. चिवडा, खाकरा चालतो. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असल्याने पहिले दोन-तीन दिवस सगळं घर पहाटेच जागं होतं. लांबची चाल तेव्हाच उरकावी. उत्तर किनाऱ्यावरचा गोर्रेआना हा १८८३ पासूनचा चहाचा मळा ढगाळ दिवसासाठी राखून ठेवा. मळ्यातून तास-दीड तासाची वाट आहे.

दुसरं बेट जोडावं का? तेर्सेइराचा मोह होतो, विशेषतः गोव्याशी नातं असलेल्यांना. मिरी भरून परतणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचा तिथल्या अंग्रा बंदरात ठरलेला थांबा असे. वास्को द गामाचा भाऊ पावलो पहिल्या सफरीहून परतताना १४९९ मध्ये तिथेच वारला. दहा दिवस असतील तर खुशाल जा. आठवडाच असेल तर नको, कारण धुक्याने आणि वाऱ्याने बेटांमधली विमानं अडतात आणि मग सगळीच आखणी कोसळते. याच कारणाने शेवटची रात्र पोंता देल्गादात काढा, आणि लिस्बनहून मुंबईकडे निघणारं विमान त्याच दिवसाचं घेऊ नका, दुसऱ्या दिवसाचं घ्या.