स्वस्त तिकीट, लांबचा रस्ता : सहलीचा हिशोब कसा मांडायचा?

आजचा विषय तसा घरगुती आहे. सुट्टी ठरली की घरात एक वाद हमखास होतो. एक जण म्हणतो, "थेट तिथलं विमान महाग आहे, अलीकडच्या शहराचं तिकीट काढू आणि पुढे गाडीने जाऊ." दुसरा म्हणतो, "चार पैसे वाचवायला दोन दिवस घालवायचे का?" दोघांचंही थोडं बरोबर असतं, पण कागदावर हिशोब कुणीच मांडत नाही. तो आज आपण मांडू. उदाहरण घेऊ लडाखचं, कारण तिथे पैसे आणि वेळ यांच्याबरोबर तिसरी गोष्टही पणाला लागते, ती म्हणजे तब्येत.

पहिला मुद्दा : डोक्यावरचं भाडं आणि गाडीवरचं भाडं

विमानाचं भाडं माणशी असतं आणि टॅक्सीचं भाडं गाडीमागे. साधी गोष्ट आहे, पण निम्मा निर्णय इथेच होतो. गोव्याचंच बघा. समजा काणकोणला जायचंय आणि दाबोळीपेक्षा मोप्याचं तिकीट माणशी 800 रुपयांनी स्वस्त आहे. मोपा पडतं पेडण्यात, म्हणजे गोव्याच्या उत्तर टोकाला, आणि काणकोण अगदी दक्षिणेला. टॅक्सीचे समजा 1,500 रुपये जास्त गेले, तर जोडप्याचे वाचले फक्त शंभर. पाच जणांच्या कुटुंबाचे मात्र अडीच हजार वाचले. आणि एकटा तरुण मोप्याहून कदंबच्या बसने मडगावला आला, तर त्याचं गणित आणखी वेगळं. म्हणून शेजाऱ्यांना स्वस्त पडलं म्हणजे आपल्यालाही पडेल, असं धरून चालू नये.

दुसरा मुद्दा : ताशी किती सुटले?

आता लडाख. मुंबई-पुण्याहून लेहला जाणारे बहुतेक जण दिल्लीमार्गे उडतात. दुसरा पर्याय म्हणजे श्रीनगरपर्यंत विमान आणि पुढे सोनमर्ग, झोजिला, द्रास, कारगिल, लामायुरू असा सुमारे 420 किलोमीटरचा रस्ता. हा रस्ता साधारणपणे कारगिलला मुक्काम करून दोन दिवसांत करतात.

आपण चौघे आहोत असं धरू. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमच्या तारखेचे घाला. लेहचं एका बाजूचं तिकीट 14,000, श्रीनगरचं 8,000. माणशी 6,000, म्हणजे चौघांचे 24,000 वाचले. लगेच खूश होऊ नका. त्यातून टॅक्सीचे 16,000 वजा करा. टॅक्सी एका बाजूनेच नेली, तरी तिचा रिकामा परतीचा प्रवास बहुतेक वेळा आपल्याच भाड्यात धरलेला असतो. वाटेतल्या जेवणाखाणाचे 2,000 धरा. उरले 6,000, माणशी दीड हजार. गाडीत बसायचे तास धरा बारा. दीड हजार भागिले बारा, म्हणजे ताशी सव्वाशे रुपये.

आता स्वतःला विचारा : ताशी सव्वाशे रुपये देतो, घाटातून गाडीत बसून राहा, असं कुणी म्हणालं तर बसाल का? बरेच जण नाही म्हणतील. म्हणजे केवळ बचत म्हणून हा रस्ता परवडत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजू म्हणजे सुट्टीच्या एका दिवसाची किंमत. समजा सहा दिवसांच्या सहलीला एकूण 1,20,000 खर्च येतो. म्हणजे एक दिवस पडला 20,000 रुपयांना. सहा हजार वाचवायला असा एक दिवस खर्ची पडला, तर तो तोट्याचाच सौदा झाला. ज्यांना मोजून पाच-सहा दिवसांची रजा मिळते, त्यांनी हा भागाकार आधी करावा. निवृत्त माणसांना तो इतका लागू नाही.

तिसरा मुद्दा : वाचलेला वेळ खरंच वाचतो का?

खरी गंमत इथे आहे. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी मिळतो. दिल्लीहून विमान आपल्याला दीडेक तासात तिथे नेऊन ठेवतं, पण शरीर दीड तासात तयार होत नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेच्या त्रासाची लक्षणं. म्हणून विमानाने आलेल्यांना पहिले एक-दोन दिवस निव्वळ विश्रांती घ्यायला सांगतात. म्हणजे विमानाने वाचवलेले दोन दिवस आपण हॉटेलच्या खोलीतच घालवतो!

उलट श्रीनगर साधारण 1,600 मीटरवर आणि कारगिल साधारण 2,700 मीटरवर. वाटेत झोजिला आणि 4,100 मीटरचा फोटू ला ओलांडतो खरा, पण झोपतो खालच्या उंचीवर. शरीराला हा टप्प्याटप्प्याचा चढ मानवतो. लेहला पोचल्यावरही एक दिवस सावकाश घ्यावाच, लगेच खारदुंग ला गाठायला निघू नये. तरीसुद्धा दोन्ही मार्गांतला फरक कागदावर दोन-अडीच दिवसांचा दिसला, तरी प्रत्यक्षात एखाद्या दिवसावर येतो. शिवाय त्या बदल्यात द्रासचं युद्धस्मारक, मुलबेखची मैत्रेयाची मूर्ती आणि लामायुरूचा मठ बघून होतो.

मग उलटा प्रश्न येतो : परतीलाही रस्त्यानेच यावं का? खाली उतरताना शरीराला सवय करायची गरज नसते आणि पाहिलेलाच रस्ता पुन्हा पाहायचा असतो. म्हणून रजा बेताची असेल तर जाताना रस्ता आणि येताना विमान हा मेळ उत्तम. देशांतर्गत तिकिटं सहसा एकेका बाजूची काढता येतात, त्यामुळे त्यात नुकसान नाही.

चौथा मुद्दा : धोका हाही खर्चच

झोजिला बर्फाने किंवा दरडीने बंद पडतो. लेहची विमानं बहुतेक सकाळची असतात, कारण दुपारी वारा वाढतो, आणि हवा बिघडली की तीही रद्द होतात. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील, तर पहिलं चुकल्यावर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. तेव्हा मोकळा दिवस नेहमी शेवटी ठेवा आणि रस्त्याने उतरून त्याच दिवशीचं विमान कधीही धरू नका.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*मनालीमार्गे गेलं तर?* 2020 साली अटल बोगदा झाल्यापासून रोहतांगचा त्रास टळला. पण हा रस्ता जास्त उंचावरून जातो. सरचूला मुक्काम केला तर झोप 4,200 मीटरच्या वर होते, म्हणजे लेहपेक्षाही उंच, आणि रात्री त्रास झाला तर पटकन खाली उतरायलाही जागा नाही. त्यापेक्षा सुमारे 3,200 मीटरवरच्या जिस्पाला राहावं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघावं. हा दिवस लांबतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना, विशेषतः लहान मुलं बरोबर असतील तर, श्रीनगरची बाजू बरी.

*आईवडील सत्तरीचे आहेत, त्यांना कसं न्यावं?* तिकिटाचा भाव बघण्याआधी डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर लेहला जावं की नाही, हाच पहिला प्रश्न. गोळ्याही त्यांच्या सल्ल्यानेच. परवानगी मिळाली तर घाई न करता, श्रीनगरला एक रात्र जास्त राहून वर चढा. ती एक रात्र आजच्या सगळ्या हिशोबात बसणार नाही, पण तिचे पैसे वाचवू नका.

तर मंडळी, पुढच्या वेळी घरात वाद सुरू झाला की कागद घ्या आणि चार ओळी लिहा : चौघांचे मिळून किती वाचले, त्यातून वाटेत किती गेले, उरलेले ताशी किती पडले आणि तो रस्ता आपल्याला बघायचा आहे का. पहिल्या तीन ओळी कुणीही भरेल. चौथी मात्र सगळ्यांनी मिळून भरा, ज्यांना गाडी लागते त्यांनासुद्धा विचारून.