कर्करोगाशी झुंजणाऱ्या संस्कारित पेशी

मानवी रक्तातील पांढऱ्या पेशी या शरीराच्या रक्षक होत. त्यांपैकी टी-पेशी रोगबाधित पेशी हुडकून त्यांचा नाश करतात. कर्करोगाची पेशी मात्र शरीरातील पेशीपासूनच उद्भवलेली असल्याने पुष्कळदा या रक्षकांच्या नजरेतून निसटते. टी-पेशींना या शत्रूची ओळख पटवून देणे, हे ‘कार-टी’ उपचारपद्धतीचे मूळ सूत्र होय.

या पद्धतीत रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांत नवे जनुक घालण्यात येते. त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक-प्रथिन तयार होते. बी-पेशींच्या रक्तकर्करोगांत पेशींवर बहुधा ‘सीडी-१९’ नावाचे प्रथिन असते. हा ग्राहक नेमके तेच ओळखतो. प्रयोगशाळेत वाढविलेल्या या पेशी नंतर शिरेवाटे रुग्णाला परत देण्यात येतात.

परंतु शत्रू ओळखणे पुरेसे नव्हते. इस्रायलमधील शास्त्रज्ञ झेलिग एशहार यांच्या संशोधनातून पुढे आलेल्या पहिल्या पिढीतील अशा पेशी शरीरात फार काळ टिकत नसत. पुढे ग्राहकाला ‘४-१बीबी’सारखा चेतना देणारा घटक जोडण्यात आला आणि पेशींचे आयुर्मान वाढले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१० मध्ये उपचार घेतलेल्या दोन रुग्णांच्या शरीरात अशा पेशी दहा वर्षांनंतरही कार्यरत असल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

या क्षेत्रात महाराष्ट्राचेही मोलाचे योगदान आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ ही देशी उपचारपद्धती साकारली. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुंबईत तिचा प्रारंभ झाला. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराची किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. देशी उपचाराचा खर्च त्याच्या सुमारे एक-दशांश असला, तरी लाखो रुपयांची ही रक्कम सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचीच आहे.

हा उपचार सरसकट सर्व कर्करोगांवर नाही. नेहमीचे उपचार निष्फळ ठरलेल्या किंवा रोग पुन्हा उद्भवलेल्या काही रक्तकर्करोगांसाठीच तो मुख्यत्वे वापरला जातो. गाठींच्या कर्करोगांत अद्याप मर्यादित यश आले आहे. तीव्र ताप, रक्तदाब घटणे व मेंदूवरील परिणाम यांसारखे धोके असल्याने तो सुसज्ज रुग्णालयातच करावा लागतो. निरोगी बी-पेशीही नष्ट होत असल्याने जंतुसंसर्गाची भीती राहते.

म्हणूनच गावातील शिक्षक व पंचायत सदस्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना ऐकीव आश्वासनांच्या मागे न लागता कर्करोगतज्ज्ञांचा सल्ला वेळीच घेण्यास प्रवृत्त करावे. नव्या शोधाबद्दल आशा जरूर बाळगावी; मात्र हाती असलेले उपचार त्यापायी लांबणीवर टाकू नयेत.