एका जागी बुड न टेकणारं पोट्टं

वर्षातून एकदा शाळेत डॉक्टरांचं पथक येतं. व्हरांड्यात वजनकाटा मांडला जातो, पोरांची रांग लागते, कुणी जीभ दाखवतं, कुणी एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचतं. अमरावती असो की अकोला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं हे दृश्य ओळखीचं आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत तीस दोष आणि आजार आहेत. दुभंगलेला ओठ, जन्मजात हृदयविकार, किडलेले दात, आणि त्यांच्याच पंगतीत एडीएचडी, म्हणजे लक्ष न ठरणं आणि आवरता न येणारी चंचलता. ‘मोठ्या शहरातलं फॅड’ म्हणून आपण जे उडवून लावतो, ते झेडपीच्या व्हरांड्यापर्यंत केव्हाच पोचलंय.

पंचाईत अशी, की किडलेला दात दिसतो, हे दिसत नाही. रक्ताच्या चाचणीत येत नाही, एमआरआय काढून निदान होत नाही. डॉक्टर विचारत बसतात. एका जागी बुड टेकतं का? प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर फेकतं का? यंदा किती कंपासपेट्या हरवल्या? हे सगळं घरीही आणि शाळेतही, निदान सहा महिने चाललेलं, आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेलं असावं लागतं. पोरींच्या बाबतीत तर आणखी चकवा. अनेकींचा दंगा नसतोच, त्या शेवटच्या बाकावर गुपचूप हरवलेल्या असतात, त्यामुळे कुणाची तक्रारही येत नाही.

बरं, तीन ओळींचं शुद्धलेखन ज्याच्याच्याने पुरं होत नाही, तेच पोट्टं बिघडलेल्या मोटारपंपापुढे तासभर मांडी घालून बसतं. घरचे म्हणतात, ‘मनावर घेतलं तर जमते त्याले.’ खरं म्हणजे लक्ष त्याच्याकडे भरपूर असतं. ते हवं तिथे वळवणं आणि नको तिथून सोडवणं, हे त्याच्या हातात नसतं.

मोबाइलला शिव्या घालण्याआधी तारखा बघाव्यात. लक्ष न ठरण्याच्या या अवस्थेचं वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ सालीच केलं होतं. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी ४३ मुलांची हकिकत मांडली. बरीचशी बुद्धीने शाबूत, पण कशालाच आवर नाही. स्टिल यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. आपण ‘वळण नाही’ म्हणतो. आरोप तोच.

औषध सापडलं ते मात्र डोकेदुखीतून. अमेरिकेतल्या ईस्ट प्रॉव्हिडन्सच्या मुलांच्या रुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली मेंदूचे एक्स-रे काढत. त्यासाठी मणक्यातलं पाणी काढून त्या जागी हवा भरावी लागे, आणि मग पोरांचं डोकं भयंकर ठणके. ते थांबावं म्हणून त्यांनी बेन्झेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही, पण तीस मुलांपैकी निम्मी अचानक शांतपणे अभ्यास करू लागली. मुलांनी त्या गोळ्यांचं नाव ठेवलं ‘गणिताच्या गोळ्या’. हे १९३७ साल. पुढे १९४४ मध्ये बाझेलला लिआंड्रो पानिझोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्यांची बायको रिटा ते घेऊन टेनिस खेळे, म्हणून त्याचं नाव पडलं रिटालिन. आजही मुख्य औषध तेच आहे.

उत्तेजक दिल्यावर उधळलेलं पोर शांत कसं होतं? पेंगणाऱ्या पहारेकऱ्याला कडक चहा पाजला, की गल्लीतला दंगा आपोआप कमी होतो, तसंच हे. कपाळामागचा, आवर घालणारा मेंदूचा भाग डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिनवर चालतो. ही द्रव्यं चेतापेशींत लगेच परत शोषली जाऊ नयेत, एवढंच गोळी बघते.

२००७ साली अमेरिकेत एक फार देखणं संशोधन झालं. मेंदूच्या सालीचा निम्मा भाग इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षापर्यंत कमाल जाडी गाठतो, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. क्रम तोच, फक्त उशिरा. हालचालींचा भाग मात्र त्यांच्यात किंचित आधीच तयार होतो! पळायला सज्ज, थांबायला अजून अवकाश.

यावरून एक सावधगिरीही निघते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शाळाप्रवेशाची वयमर्यादा ३१ डिसेंबरला मोजतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, नऊ लाखांवर मुलांच्या अभ्यासात दिसलं, की जानेवारीत जन्मलेल्या वर्गमित्रांपेक्षा डिसेंबरमधल्या मुलांना हे निदान ३० टक्के आणि मुलींना ७० टक्के जास्त लागलं होतं. आपल्या राज्यातही पहिलीच्या प्रवेशाची तारीख ३१ डिसेंबरच आहे. तेव्हा तक्रार लिहिण्याआधी गुरुजींनी हजेरीपटावरची जन्मतारीख जरूर बघावी. कदाचित ते पोर फक्त अकरा महिन्यांनी लहान असेल.

कारणांत सगळ्यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा, जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार ७० टक्क्यांच्या वर. संशोधक हे आकड्यांत सांगतात, वऱ्हाडातली आजी दवाखान्यात एका वाक्यात सांगून मोकळी होते, ‘याचा बाप बी असाच होता जी, मास्तर फळ्याकडे वळले का हा खिडकीतून भायेर.’ बापाने खाली मान घातली, तर डॉक्टरांनी त्यालाही दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. बऱ्याच जणांत हे मोठेपणीही उरतं. दिवसांआधी किंवा फार कमी वजन घेऊन जन्मलेल्या बाळांत धोका वाढतो. मेळघाटात आपण बाळ जगलं यावर सुटकेचा श्वास टाकतो, त्याच्या शाळेचा विचार क्वचितच करतो. आईच्या लाडाने किंवा साखरेने मात्र हे होत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी औषध नाही, आईबाबांचं प्रशिक्षण. एका वेळी एकच सूचना, ती पाळली की तिथल्या तिथे शाबासकी. त्याहून मोठ्या मुलांना गोळीचा फायदा बहुतेकदा होतो. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन-उंचीवर नजर ठेवावी लागते.

आणि मैदान. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळ दाखवले होते. एरंडेल चोपडलेल्या मल्लखांबावर चढलेल्या पोराचं मन दुसरीकडे जाऊच शकत नाही, गेलं की ते खाली. वीस मिनिटांच्या व्यायामानंतर या मुलांचं लक्ष काही काळ सुधारतं, असं प्रयोगांत दिसलंय. मैदान गोळीची जागा घेत नाही. पण अकोल्यात शिकवणीच्या बाकावर दिवस काढणाऱ्या पोरांच्या वेळापत्रकात ते औषधालाही सापडत नाही, आणि शाळेत गृहपाठ अपुरा राहिला म्हणून पी. टी.चा तास बंद होतो, तोही नेमका याच पोट्ट्याचा.