दीडशे डॉलरचा कॅमेरा, फुकटची माती आणि काही गैरसमज

सप्टेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी थर्मोकोलच्या पेटीत साधा डिजिटल कॅमेरा आणि जीपीएसवाला मोबाइल ठेवला, पेटी हवामानाच्या फुग्याला बांधली आणि सोडून दिली. ती सुमारे २८ किलोमीटर वर गेली आणि काळ्या आकाशाचे फोटो घेऊन खाली आली. खर्च दीडशे डॉलरच्या आसपास. ही बातमी जगभर पोचली आणि तिच्यासोबत बऱ्याच चुकीच्या समजुतीही पसरल्या. असे प्रयोग घराघरांत व्हावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या समजुती वेळीच निस्तरलेल्या बऱ्या. पहिलाच प्रयत्न फसला की करणाऱ्याचा हुरूप जातो.

कॅमेरा अंतराळात गेला, असं सर्रास म्हटलं जातं. अंतराळाची सीमा साधारणपणे १०० किलोमीटरवर मानतात. फुगा तिच्या एक तृतीयांशही जात नाही. आकाश काळं दिसतं, कारण ९९ टक्के हवा खाली राहिलेली असते आणि प्रकाश विखुरायला वर फारसं काही उरत नाही. फोटोतला पृथ्वीचा ठळक बाक बहुतेक वेळा रुंद कोनाच्या भिंगाची करामत असते. खरा बाक दिसतो, पण अगदी हलका. तरीही तिथून क्षितिज ६०० किलोमीटरच्या पलीकडे असतं. पुण्यावर फुगा असेल, तर हैदराबादही क्षितिजाच्या अलीकडेच येतं.

दुसरी समजूत गॅसची. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा, म्हणून दुप्पट उचलतो, हे पटण्यासारखं वाटतं, पण खरं नाही. फुगा वर जातो तो त्याने बाजूला सारलेल्या हवेमुळे. एक घनमीटर हवा सुमारे १२०० ग्रॅम, तेवढाच हेलियम १७० आणि हायड्रोजन ८५ ग्रॅम. वजा करून पाहा: उचलण्याच्या ताकदीत फरक जेमतेम आठ टक्क्यांचा. हायड्रोजन पेट घेतो, तेव्हा नवख्याने एवढ्याशा फायद्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. आणि जास्त गॅस भरला की फुगा जास्त उंच जाईल, हेही उलटंच आहे. तो भराभर चढतो आणि लवकर फुटतो. वर दाब कमी होत जातो तसा आतला गॅस पसरतो. ३० किलोमीटरवर फुग्याचा व्यास जमिनीवरच्या सुमारे चौपट झालेला असतो. रबर तेवढं ताणलं गेलं की तो फुटतो. हे फुटणं म्हणजे अपघात नव्हे. त्यानंतरच पेटीला जोडलेलं पॅराशूट कामाला लागतं.

जितकं वर तितकं गार, असंही नाही. आपल्याकडे १६-१७ किलोमीटरवर पारा उणे ७५-८० पर्यंत उतरतो. त्याच्या वर ओझोनमुळे हवा पुन्हा कोमट होऊ लागते. बॅटरी मान टाकते ती बहुधा त्या सर्वांत गार पट्ट्यात. म्हणून लिथियमचे सेल वापरायचे आणि पेटीच्या फटी नीट बंद करायच्या.

मोबाइल वरून आपला ठावठिकाणा कळवत राहतो, हाही भ्रम. टॉवरचे अँटेना जमिनीकडे रोखलेले असतात; थोडी उंची गाठली की संपर्क तुटतो आणि फोन पुन्हा बोलतो तो खाली आल्यावर, तेही रेंज असेल तर. शिवाय क्षेपणास्त्रांत वापर होऊ नये म्हणून घातलेल्या मर्यादेमुळे अनेक जीपीएस यंत्रं १८ किलोमीटरच्या वर मुकी होतात. विकत घेतानाच हे विचारून घ्यावं.

आता खर्चाचं. दीडशे डॉलर हा आकडा खरा, पण त्यामागे मोठं भांडवल उभं आहे. जीपीएसचे उपग्रह कोणीतरी आधीच सोडलेले असतात. रबरी फुगे सहज मिळतात, कारण जगभरची हवामान खाती ते रोज उडवतात. आपलं खातंही मुंबई, नागपूर, पणजीहून सोडतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं हैदराबादचं बलून केंद्र तर १९६९ पासून मोठाले प्लॅस्टिकचे फुगे आकाशात पाठवतं आहे. पैसे कमी लागले म्हणून नियमही कमी होत नाहीत. अमेरिकेत हलक्या फुग्यांना बरीच सूट आहे. आपल्याकडे नागरी विमान वाहतुकीच्या यंत्रणेची परवानगी आधी काढावी लागते. ती टाळून फुगा सोडणं म्हणजे विमानातल्या लोकांच्या जिवाशी खेळ.

घरी करण्याजोगा दुसरा स्वस्त प्रयोग म्हणजे परसात पाव भाजायची मातीची भट्टी. तिला अशी परवानगी लागत नाही, पण समजुती तिथेही आहेत. सिमेंट घातलं की भट्टी पक्की होते, असं वाटतं. साधं सिमेंट ४०० अंशांच्या पुढे आतून भुगा व्हायला लागतं. माती मात्र भाजून घट्ट होते. पण कोणतीही माती चालते असं नाही. कपाशीची काळी माती वाळताना इतकी आकसते की घुमटाला भेगाच भेगा पडतील. कुंभाराची किंवा वारुळाची माती घ्यावी आणि तिच्या दुप्पट-तिप्पट वाळू मिसळावी. ओल्या वाळूचा ढीग रचायचा, त्यावर भिजवलेला वर्तमानपत्राचा कागद, त्यावर चार बोटं जाड मातीचा थर. माती आवळली की दार कापून वाळू उपसून काढायची.

पाव ज्वाळेवर भाजत नाही. गोव्यातल्या पदेराची, म्हणजे पाववाल्याची, लाकडावर तापणारी भट्टी पाहिली की हे लगेच कळतं: आधी आतच लाकडं जाळून घुमट तापवतात, मग निखारे बाजूला सारतात आणि साठलेल्या उष्णतेवर उंडे, म्हणजे गोल पाव, फुलतात. पण म्हणून भिंत जितकी जाड तितकी बरी, असंही नाही. जाड भिंतीला लाकूड आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. त्याऐवजी ऊब टिकावी म्हणून बाहेरून भुसा मिसळलेल्या मातीचा थर द्यावा.

चिमणी नसली तरी चालते, दाराचं माप मात्र चुकता कामा नये. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवतात. घुमट ४० सेंटिमीटर असेल तर दार २५. त्याच दाराच्या खालच्या अंगाने ताजी हवा आत येते आणि वरच्या अंगाने धूर बाहेर पडतो. दार फार ठेंगणं झालं तर जाळ गुदमरतो, फार उंच झालं तर ऊब निघून जाते. पहिले काही दिवस फक्त काटक्यांचा बारीक जाळ करावा, म्हणजे भिंतीतली ओल हळूहळू निघून जाईल. तरी केसाएवढ्या चिरा पडतीलच. त्या ओल्या मातीने लिंपून घ्याव्यात.