गिफ्ट कार्डाची तारीख बघितली का?

भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल, पण ऐका.

दिवाळी झाली की आमच्या गटांच्या बैठकीत हमखास कुणीतरी पिशवीतून एक कार्ड काढतं आणि विचारतं, "ताई, हे काय आहे बघा बरं?" कुणाच्या मुलाला कंपनीत बोनससोबत मिळालेलं असतं, कुणाच्या लेकीला लग्नात आहेर म्हणून आलेलं. दिसायला एटीएम कार्डासारखं. म्हणून बायका ते साडीच्या घडीत नाहीतर लग्नाच्या आल्बममध्ये जपून ठेवतात. मोडायचं नाही, अडीअडचणीला कामाला येईल, हा आपला हिशोब. नोटेला तो हिशोब लागू पडतो. कार्डाला शेवटची तारीख असते, आणि ती उलटली की दुकानदार कार्ड परत हातात देतो.

आधी कार्ड कुणाचं आहे ते ओळखायचं, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरतं. बँकेचं नाव असलेलं गिफ्ट कार्ड कार्डाचं मशीन असलेल्या बहुतेक दुकानांत चालतं. एटीएममधून मात्र त्याचे पैसे निघत नाहीत आणि त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निर्देशांप्रमाणे असं एक कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असतं आणि त्याची मुदत किमान एक वर्ष असावी लागते. दुसरं कार्ड एखाद्या दुकानाचं स्वतःचं, फक्त त्यांच्याकडेच चालणारं. त्याला रिझर्व्ह बँकेचा हा एक वर्षाचा नियम लागत नाही. दुकान ठरवेल ती मुदत, ती सहा महिन्यांचीही असू शकते. तिसरा प्रकार म्हणजे "२,००० ची खरेदी करा, ५०० सूट मिळवा" असं कुपन. त्याला आम्ही भेट म्हणतच नाही. पाचशेसाठी खिशातले दीड हजार घालवायला लावणारा तो कागद आहे. खरेदी करायचीच नसेल तर खुशाल चुलीत घाला.

तारीख वाचताना गोंधळ होतो. कार्डावर ०८/२७ असं असेल तर ती आठ तारीख नव्हे, २०२७ सालचा ऑगस्ट महिना. कागदी कुपनावर तारीख मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, अटींच्या गर्दीत असते. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला वाचायला सांगा आणि जाड पेनाने पाकिटावर मराठीत लिहून ठेवा.

बँकेच्या कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कार्ड देणाऱ्यांनी आठवण करून द्यायची असते. पण तो मेसेज जातो नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर. तो नंबर मुलाचा असतो, जावयाचा असतो, कधी कंपनीतल्या साहेबाचा. तुमचं कार्ड मरायला टेकलंय हे जगाला कळतं, तुम्हालाच कळत नाही. म्हणून कार्ड हातात आलं की देणाऱ्यालाच विचारा, "नंबर कुणाचा दिलाय?"

आता वापरायचं कसं? ज्या वस्तूला नाहीतरी पैसे जाणारच आहेत, तिच्यावर. पोरांचे बूट, कुकर, घरातली चादर. कार्ड आहे म्हणून नको ती वस्तू आणली तर पैसे वाया गेलेच. दुकानात बिल करण्याआधी शिल्लक विचारून घ्या. कार्डात ७०० आणि बिल ९०० असेल तर मशीन सगळंच नाकारतं. तेव्हा "७०० कार्डातून घ्या, २०० रोख देते" असं आपणच स्पष्ट सांगायचं. उलट बिल कमी झालं आणि कार्डात शंभर-दीडशे उरले, तर कार्ड फेकू नका. कागदी कुपनाचं मात्र उरलेलं सहसा परत मिळत नाही, तिथे रक्कम पुरती वापरूनच बाहेर पडा.

दुकान तालुक्याला नाही, जिल्ह्याला आहे, ही खरी अडचण. एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, तरी ३०० रुपयांच्या कार्डासाठी रोजगार बुडवून जाणं परवडत नाही. इथे गट उपयोगी पडतो. कुणीतरी लग्नाच्या बस्त्याला शहरात जाणारच असतं. तिने तुमचं कार्ड वापरावं आणि तेवढी रोकड तुम्हाला द्यावी. व्यवहार बैठकीत सगळ्यांसमोर करा, वहीत रक्कम लिहून दोघींच्या सह्या घ्या. कार्डाचा फोटो मात्र व्हॉट्सअॅपवर टाकू नका. नंबर आणि पिन ज्याच्या हाती पडला, कार्ड त्याचंच झालं.

तारीख उलटून गेली असेल तरी बँकेच्या कार्डावर लगेच पाणी सोडू नका. मागणी केली तर मुदत वाढवून किंवा नवं कार्ड देऊन ते पुन्हा चालू करता येतं, अशी नियमात सोय आहे. शुल्क किती ते आधी विचारा. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार मोफत करता येते. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. दुकानाच्या कार्डाचं गाऱ्हाणं असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. दुकानदाराशीही आधी गोडीत बोलून बघा. जुनं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून पुष्कळ जण आठवडा-पंधरा दिवस उशीर चालवून घेतात.

पण तुम्ही फोन करणं वेगळं आणि तुम्हाला फोन येणं वेगळं. "तुमच्या कार्डाची मुदत संपतेय, ओटीपी सांगा, वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. मुदत वाढवायला ओटीपी सांगावा लागत नाही. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० वर कळवा, उशीर झाला की पैसे अडवणं अवघड होतं.

येत्या बैठकीला बचतीच्या पासबुकाबरोबर घरातलं कार्डही घेऊन या. कर्जाचे हप्ते झाले की आपण एकेकीची तारीख वाचून वहीत लिहून घेऊ. दोन महिन्यांच्या आत संपणारी कार्डं आधी काढू.