मक्यावरची बुरशी आणि एक ऑनलाइन गेम

भोकरदनकडे पावसात भिजलेलं मक्याचं कणीस सोललं की कधी कधी दाण्यांवर पिवळसर हिरवी पूड दिसते. या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा कॅन्सर करू शकतं, आणि शिजवूनही पुरतं जात नाही. ते मोडणारं एन्झाइम घडवायचं कोडं २०१७ साली चक्क एका ऑनलाइन गेममध्ये आलं! 'फोल्डिट' त्याचं नाव. वॉशिंग्टन विद्यापीठाचा, २००८ पासूनचा, फुकट. एन्झाइम म्हणजे प्रोटीनच; पडद्यावरची त्याची साखळी माउसने वाकवायची, पिळायची. घडी नीट बसली की गुण वाढतात. जीवशास्त्राची पदवी लागत नाही. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या विषाणूतल्या एका एन्झाइमवर शास्त्रज्ञ दहाहून जास्त वर्षं अडले होते. २०११ मध्ये बातमी आली की खेळाडूंनी त्याची रचना तीन आठवड्यांत सोडवली. जालन्याच्या पोरांनो, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आजच टाकून घ्या. सुरुवातीची सोपी कोडी मात्र गाळू नका, हात तिथेच बसतो.